म्होरची पात

तुरी काढणीला आल्या आणि पोराचा निकाल लागला, दोन्ही एकाच आठवड्यात. सहा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस नेमका शेंगा तडकायच्या वेळेला यावा, याला काय म्हणायचं! बिदरच्या कोर्टात बाकड्यावर बसल्या बसल्याही बळीरामच्या डोळ्यांपुढं तुरीच होत्या. त्याची त्यालाच लाज वाटली, पण होत्या.

निकाल इंग्रजीत वाचला गेला. बळीरामला कानडी येत होतं, जुनी हैदराबादी उर्दू येत होती, बाजारापुरतं तेलुगूही येत होतं. पोराचं आयुष्य जिच्यात ठरायचं ती भाषा तेवढी येत नव्हती. म्हणून तो न्यायाधीशांकडं न बघता पुढं उभ्या असलेल्या गुरुपादय्या वकिलांच्या मानेकडं बघत राहिला. मान खाली गेली की संपलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मान खाली गेली नाही. वाचून झालं तेव्हा वकिलांनी वळून नुसतं हाताने खुणावलं आणि सुनेनं, राजश्रीनं, तोंडात पदर कोंबला.

बाहेर आल्यावर बळीरामने विचारलं, "निर्दोष म्हनले का, साहेब?"

"सुटला म्हणाले, बळीराम. संशयाचा फायदा दिला."

"म्हंजी?"

गुरुपादय्या मैलूरला राहत, हाडाचे सज्जन, पण त्यांच्या पुढच्या दोन केसा उभ्या होत्या. घाईघाईत त्यांनी सांगितलं, "म्हणजे खून यानं केला असंही सिद्ध झालं नाही, आणि यानं केला नाही असंही कोर्ट म्हणत नाही. डोळ्यांनी पाहणारा कुणी नाही. सगळा परिस्थितीजन्य पुरावा. साखळीची एक कडी जरी तुटली तरी साखळी राहत नाही. ती इळ्याची कडी तुटली. आता सरकार कलबुर्गीला हायकोर्टात अपील करेल, न करेल. तोवर कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. तुम्हीही त्याला काही विचारू नका."

हे शेवटचं वाक्य बळीरामला पाठ होतं. पहिल्या भेटीत वकिलांनी तेच सांगितलं होतं आणि बळीरामने ते देवाच्या शपथेसारखं पाळलं होतं. तो देव मानत नव्हता ही गोष्ट वेगळी. खरं सांगायचं तर वकिलांचं ते वाक्य त्याला फार सोयीचं पडलं होतं.

कोर्टाच्या फाटकाबाहेर मेलेल्या बालाजीची माणसं घोषणा देत होती. न्याय विकला गेला म्हणत होती. बळीराम, राजश्री आणि सुटलेला धम्मानंद भिंतीकडेनं, चोरासारखे निघाले. सुटका झालेल्या माणसानं असं निघायचं असतं का, हे कुणाला विचारणार?

कमलनगरला उतरले तर स्टँडवरची दुकानं अर्धी बंद. निकाल त्यांच्या आधी पोचला होता. ठाणाकुशनूरच्या वाटेला लागणारी रेवणसिद्धची जीप उभी होती. एरवी हा पोरगा 'काका, म्होरं बसा' म्हणून पुढची जागा द्यायचा.

"जागा न्हाई, काका," रेवणसिद्ध म्हणाला.

जीपमध्ये दोन म्हाताऱ्या आणि एक खताचं पोतं होतं. धम्मानंदने पिशवी खांद्यावर घेतली आणि तिघं संध्याकाळच्या बसची वाट बघत लिंबाखाली बसले. धम्मानंदचे हात मांडीवर पडले होते. ते हात बळीरामने तेव्हा नीट पाहिले. तुरुंगाच्या सावलीत पांढरे, मऊ झालेले, कारकुनाचे असावेत तसे हात. ह्या हातांना आता इळा कसा पेलणार, असं त्याच्या मनात आलं, आणि 'इळा' हा शब्द मनात येताच त्याने नजर काढून घेतली.

घरी सुभद्राबाईनं लेकावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्याच्या तोंडावरून हात फिरवत ती एवढंच म्हणाली, "किती वाळलास रं माज्या लेका." तिला निकालातलं काही समजून घ्यायचं नव्हतं. लेक घरात आला, तिच्यापुरतं कोर्ट उठलं.

दुसऱ्या दिवशी बळीराम ईरम्माच्या दारात गेला. ईरम्मा बायांच्या टोळीची मुकादम. बारा वर्षं बळीरामच्या तुरी तिच्याच टोळीनं काढल्या होत्या. धम्मानंद आत असतानाही ती कधी चुकली नव्हती. पण तो आत होता तेव्हाची गोष्ट निराळी होती.

"बळीरामअण्णा, बाया न्हाई म्हनायल्यात," ईरम्मा खाटेवरून न उठता म्हणाली.

"कामून?"

"आता तुमीच सांगा. पातीत वाकलं की बाईमानसाला मागचं दिसतंय व्हय? मागं कोन हाय, तेच्या हातात काय हाय, हे बगत बगत तुरी कशा कापाव्या?"

"कोर्टानं सोडलंय तेला, अक्का."

"सोडलंय की. म्या कुटं न्हाई म्हनायले." तिनं पानाची पिंक टाकली. "पर कोर्ट आमच्यासंगं पातीला येनार हाय का?"

बळीराम संतापला. वाटेभर तो एकटाच पुटपुटत आला. असल्या बायांच्या तोंडाला काय लागायचं, घरचीच चार माणसं काढतील, चार दिवसाचं काम आठ दिवस लागंल. वाळलेली तूर उन्हं चढली की हात लागताच फुटते. म्हणून पहाटेच्या धुईत, शेंगा ओलसर असताना जेवढं निघेल तेवढं काढायचं. चौघांनी पहाटे जायचं ठरलं.

त्या पहाटे शेतात जे घडलं ते बघायला गेलं तर काहीच नव्हतं. त्या भागात काढणीची एक रीत आहे. म्होरची पात, म्हणजे कापणीची पुढची ओळ, घरच्या थोरल्याची. तो कोपऱ्यातून सुरुवात करतो, त्याच्या मागं अर्धा हात सोडून दुसरा, त्याच्या मागं तिसरा. म्होरचा ज्या चालीनं जाईल त्या चालीनं मागच्यांनी यायचं. बळीरामचा बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी होता. त्याला आयुष्यात कधी म्होरची पात मिळाली नाही. हा साडेतीन एकराचा तुकडा झाला आणि बळीरामने पहिल्यांदा ती धरली, तेव्हापासून ती कुणाला दिली नव्हती. कंबर धरली तेव्हाही नाही, ताप होता तेव्हाही नाही.

आणि त्या पहाटे तो कोपऱ्यात येऊन थांबला आणि म्हणाला, "धम्मा, तू धर म्होरची. आता तूच थोरला."

धम्मानंद बापाकडं बघत राहिला. राजश्रीचा चेहरा फुलला. सुभद्राबाईचे डोळे भरले. बाप पोराला मान द्यायलाय, असंच दोघींना वाटलं. धम्मानंद पुढं गेला, वाकला, पहिलं झाड मुठीत धरून त्याने इळा लावला. बळीराम सगळ्यांच्या मागं, शेवटच्या पातीला लागला. आता पोराची पाठ त्याला सतत दिसत होती. आणि त्याची पाठ कुणालाच दिसत नव्हती.

ईरम्मावर कालच चिडलेला माणूस तो हाच.

सहा वर्षांपूर्वीचं सांगितलं पाहिजे. येळवसचा, मार्गशीर्ष अमावस्येचा दिवस होता. त्या अवसेला सगळं गाव शिवारात असतं. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याचं खोपट म्हणजे कोप, आंबिलीचं मडकं, भज्जी आणि बाजरीचे उंडे. कुणीही कुणाच्या रानात जावं, जेवावं. बळीरामच्या घरानं कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडणं कधीच सोडलं होतं, पण रानातलं जेवण सोडलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सोडली नव्हती. येळवसला उभ्या पिकाला लोखंड लावायचं नाही. तुरी अर्ध्या काढून झाल्या होत्या तरी त्या सकाळी बळीरामने सगळे इळे गोळा करून कोपीत, आंबिलीच्या मडक्यामागं ठेवले होते. स्वतःच्या हातानं.

शेजारच्या रानाचा बालाजी दुपारी त्यांच्या कोपीत येऊन जेवून गेला. पंधरा दिवसांपूर्वी बांधावरच्या वाटेवरून त्याचं आणि धम्मानंदचं वाजलं होतं. चार माणसांनी ऐकलं होतं. पण दोघं एका वर्गात शिकलेले, आणि येळवसला कुणी राग धरत नाही. तिन्हीसांजेला पेटत्या गवताच्या पेंढीची मशाल घेऊन रानाभोवती फिरायची रीत असते. बालाजीच्या आईनं, नागूबाईनं, दोघांना एका मशालीच्या उजेडात नाल्याकडं जाताना पाहिलं. सकाळी बालाजी नाल्यात सापडला. मान कापलेली.

गावानं धम्मानंदचं नाव घेतलं तेव्हा तो पळाला. कमलनगरच्या स्टँडवर पकडला. त्याचं बोट कापलेलं होतं. पोलीस म्हणाले झटापटीत कापलं, वकील म्हणाले काढणीच्या दिवसांत कुणाचं बोट कापत नाही? तिसऱ्या दिवशी कुत्रं आणलं तर धम्मानंदच्याच रानातल्या तुरीच्या पेंढीत खोवलेला इळा सापडला, रक्ताचा. माणसाचं रक्त, एवढंच तपासणीत कळलं. कुणाचं ते नाही कळलं.

सरकारी वकील म्हणाले, हत्यार लपवलं. गुरुपादय्यांनी पंचनाम्यावर सही करणाऱ्या मडिवाळप्पाला उभं करून एकच विचारलं, तुमच्या भागात काम संपल्यावर इळा कुठं ठेवतात? मडिवाळप्पा बोलून गेला, शेवटच्या पेंढीत खोवतात, सकाळी सापडाया बरं. मग काय, इळा आदल्या दिवशीच्या कामानंतर रीतीप्रमाणं खोवलेला होता, लपवलेला नव्हता, त्या रात्री अख्खं शिवार मशाली घेऊन फिरत होतं, तो कुणाच्याही हाती लागला असेल. न्यायाधीशांनी ते मानलं. कडी तुटली.

आणि ही तुटलेली कडी अख्ख्या कोर्टात एकट्या बळीरामला शाबूत दिसत होती. आदल्या संध्याकाळी खोवलेला प्रत्येक इळा त्याने येळवसच्या सकाळी पेंढ्यांतून काढला होता. जो इळा कोपीत मडक्यामागं होता, तो रात्रीत पेंढीत गेला कसा? त्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. पोटातला खडा सहा वर्षं पोटातच ठेवून तो तारखांना जात राहिला.

तीन दिवस ते तुरी कापत राहिले. धम्मानंदच्या तळहाताला पहिल्याच दिवशी फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. राजश्रीनं चिंधी बांधली तर तीही लाल झाली. तुरीची धसकटं चपलेतून वर यायची. उन्हं चढली की चौघं पेंढ्या बांधून गंजीला लावायचे आणि बळीरामची कंबर अशी भरून यायची की त्याला बसूनच बंद आवळावे लागायचे. पलीकडं बांधाला लागून नागूबाईच्या रानात ईरम्माची टोळी कापत होती. त्या बाया एरवी गाणी म्हणायच्या. आता अलीकडं हे चौघं दिसले की गप्प व्हायच्या. बारा वर्षं त्या बायांना बळीरामने चहा पाजला होता, आणि आता त्यांच्या मडक्यातलं पाणी मागायचीही सोय राहिली नव्हती.

राजश्री मात्र नवऱ्याच्या मागं-पुढं, कशीही काम करत होती. खाली बसून त्याच्याकडं पाठ करून पेंढी बांधायची, त्याच्या हातचा इळा बिनदिक्कत ओढून घ्यायची. बळीराम हे बघायचा आणि त्याला सुनेचा हेवा वाटायचा. एकदा पाणी पिताना त्याने हळूच विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाई का गं?"

"कशाचं, मामा?"

"न्हाई, असंच."

राजश्रीनं तांब्या खाली ठेवला. "म्या पैल्या भेटीलाच इच्चारले तेनला. जाळीतून. केलाव का म्हनून. न्हाई म्हनले. मग आनी काय ऱ्हायलं?" ती उठली आणि परत पातीला लागली.

तिसऱ्या दिवशी नागूबाई बांधावर आली. अंगाने पार चिपाड झालेली, हातात काठी. धम्मानंद दूर गंजीपाशी होता. बळीराम उठून उभा राहिला.

"बळीराम, तुज्याशी भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. "भांडायचं अंगात ऱ्हायलं न्हाई."

"बोला की, अक्का."

"वकील म्हनतेत अपील करा. पोरं म्हनतेत मोर्चा काढा. म्या म्हनले, तिथं काय कळायचंय? त्या साहेबानं तरी काय म्हनला, म्हायती न्हाई म्हनला." ती दम घ्यायला थांबली. "मला एकच सांग. तू बाप हायस. तू तरी इच्चारलास का तेला?"

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्याहून वाईट. बळीराम पायाखालचं ढेकूळ अंगठ्यानं फोडत राहिला.

"न्हाई इच्चारलास," नागूबाई म्हणाली. "मंग माजं काय चुकलं? तुलाबी तेच वाटायलंय, जे मला वाटायलंय." काठी टेकत ती पाच-सात पावलं गेली, परत वळली. "उद्या येळवस हाय. आमी कोप घालनार न्हाई. तुमी घाला, न्हाईतर नगा घालू."

शिवी दिली असती तर बळीरामला सोसली असती.

येळवसला सुभद्राबाईनं हट्टानं कोप घातली. लेक सहा वर्षांनी रानात जेवणार, तिला कुणाच्या येण्याजाण्याची पर्वा नव्हती. भज्जी केली, उंडे केले, आंबिलीचं मडकं भरलं. दुपार कलली तरी कुणी आलं नाही. बांधावरून जाणारी माणसं लांबून वळसा घालून जात होती. एवढी भज्जी कोण खाणार म्हणून राजश्री उगाच हसली आणि सासूसोबत भांडी घेऊन विहिरीकडं गेली.

कोपीपुढं बाप आणि लेक उरले. बळीरामने सकाळीच पेंढ्यांतले इळे काढून कोपीत मडक्यामागं ठेवले होते. धम्मानंद त्या मडक्याकडं बघत बसला होता.

"आप्पा," तो म्हणाला, "म्होरची पात मला कामून दिलाव?"

"आता माज्यानं कुटं हुतंय?"

"तसं नगा सांगू. तुमी तापात असताना म्या तुमाला पात धरताना बगितलोय." त्याचा आवाज चढला नव्हता. नुसता थकलेला होता. "मला पाठ दावायची न्हाई म्हनून दिलाव."

बळीराम भुईवरची कडब्याची काडी मोडू लागला.

"पोलिसानं इच्चारलं. उलटं टांगून इच्चारलं. मॅजिस्ट्रेटनं इच्चारलं. जेलात बाजूला निजनाऱ्या खुन्यानंबी इच्चारलं, तू खरंच केलास का म्हनून. तुमी दर तारखेला आलाव. चिवडा आनलाव, शर्ट आनलाव, तब्बेत इच्चारलाव. येवढं एक इच्चारलं न्हाई. म्या दर बारीला वाट बगायचो. आता इच्चारतील, आता इच्चारतील."

"वकील नगं म्हनले व्हते."

"डाक्टर नगं म्हनले म्हनून तुमी बिडी सोडलाव का? आई नगं म्हनली म्हनून दारू पिनाऱ्या चुलत्याशी बोलनं सोडलाव का?"

समोर पलीकडच्या रानात कोप नव्हती. नाल्याकडून वारा येत होता. मग सहा वर्षं बळीरामच्या घशात अडकलेलं एकदम बाहेर आलं. "इळा कोपीत व्हता, धम्मा. त्या दिशी म्या ठिवला व्हतो. मडक्यामागं. पेंढीत कसा गेला?"

धम्मानंदने बापाकडं असं पाहिलं, जणू त्याला आता कुठं काहीतरी कळलं असावं.

"म्हनून व्हय," तो म्हणाला. "येवढं मनात धरून बसलाव व्हय?"

"सांग की मंग."

"मशालीला पेंढी कमी पडली. नाल्याच्या काठाला गवत व्हतं, म्हनलं चार मुठी कापून घ्यावं. येळवसला लोखंड लावलेलं तुमाला चालत न्हाई, म्हनून चोरून इळा नेलो. अंधारात बोट कापलं. परत कोपीत ठिवायला आलो तर तुमी दारातच बसलेलाव. बोंबलशीला म्हनून पेंढीत खोवून टाकलो, सकाळी काढतो म्हनलो. मंग बालाजी आला. आमी दोघं नाल्याच्या वळनापतोर गेलो. तिथून मशाल घेऊन तो तेच्या रानाला गेला, म्या अंधारात घराकडं आलो. बस. म्होरचं मला म्हायती न्हाई."

"हे कोर्टात कामून सांगितलं न्हाईस?"

"वकिलाला सांगितलो. ते म्हनले, त्या रातीला इळा तुज्या हातात व्हता हे तूच कबूल करायलास व्हय? तोंड बंद ठिव." धम्मानंदने तळहातावरची चिंधी सोडली, पुन्हा बांधली. "खरं सांगितलो आसतो तर फाशी. सुटलो ते जे घडलंच न्हाई तेच्यावर."

बळीराम त्याच्या तोंडाकडं निरखून बघत होता. खोटं बोलताना हे पोर लहानपणी डावा कान खाजवायचं. आता हात मांडीवर होते. पण सहा वर्षांत माणूस कान खाजवायचंही विसरतो. सगळं पटण्यासारखं होतं, आणि सगळं रचलेलंही असू शकत होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, विचारलं की कळेल. विचारलं, आणि कळलं नाही.

"त्या गवताचं..." तो चाचरत म्हणाला, "कापलेलं दिसलं आसतं का?"

"दिसलं आसतं की. चार मुठी कापलेलं, रक्ताचे ठिपके पडलेले. पैल्या भेटीला इच्चारलं आसतं तर म्या म्हनलो आसतो, आप्पा, जावा, बगा नाल्यावर. तुमी बगितलं आसतं." धम्मानंद नाल्याकडं बघत राहिला. "तवा पाऊस न्हवता. म्हैनाभर तसंच ऱ्हायलं आसंल."

बळीरामही तिकडं बघू लागला. तिथं आता कमरेएवढं गवत होतं. सहा पावसाळ्यांचं. त्या महिन्यात तो रोज त्या नाल्यावरून गेला होता, म्हशीला पाणी दाखवायला. रोज. मान खाली घालून. आयुष्यात त्याने स्वतःला इतके कधी शिव्याशाप दिले नव्हते जितके त्या घटकेला मनातल्या मनात दिले. कोर्टानं पुरावा नाही म्हणून पोराला सोडलं होतं, आणि एकुलता एक पुरावा बापानं मान वर न करता तुडवला होता.

सुभद्राबाई विहिरीवरून आली आणि म्हणाली, "आसं कामून बसलाव दोघं? मशाल फिरवायची न्हाई का?"

"न्हाई," दोघंही एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुई इतकी होती की बांध दिसत नव्हता. चौघं कोपऱ्यात आले. धम्मानंद सवयीनं पुढं जाऊन वाकणार, तेवढ्यात बळीरामने त्याच्या दंडाला धरलं.

"सर मागं. ही पात माजी हाय."

आणि तो पुढं झाला. कंबरेतून कळ आली, तरी वाकला. पहिलं झाड मुठीत धरून कापलं, दुसरं कापलं. मानेवर गार हवा लागत होती. मुंडासं थोडं वर सरकलं होतं, ते खाली ओढावंसं वाटलं. त्याने ओढलं नाही. मनातला खडा अजून जागच्या जागी होता. तो काही एका रात्रीत विरघळत नाही. पण न्यायाधीश अनोळखी माणूस, तो आपल्या पोराला संशयाचा फायदा देतो आणि आपण बाप असून देत नाही, हे त्याला रात्रभर टोचत राहिलं होतं. ज्याला पुरावा हवा त्याने बाप कशाला व्हावं?

मागं इळा चालत होता. बळीराम कान देऊन ऐकत होता, हे कशाला लपवायचं? सुरुवातीला आवाज अगदी जवळ होता. मग हळूहळू लांब गेला. पाच झाडं, सहा झाडं, आणखी मागं. फोड दुखत असतील, असं त्याला आधी वाटलं. मग कळलं. तीन दिवस म्होरची पात ओढणारं पोर आज मुद्दाम हळू कापत होतं. म्हाताऱ्याला भीती वाटू नये म्हणून अंतर ठेवत होतं.

बळीराम वळला नाही. वाकलेला होता तसाच, धुईत पुढच्या झाडाला हात घालत त्याने आवाज दिला.

"धम्मा, जवळ ये की रं. पात मागं पडायलीय."